दोन अंगुस्तानं, बारा तास

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी बर्मिंगहॅमची विशी-एकविशीतली चार पोरं लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत वाद्यं घेऊन शिरली. गिटारवर टोनी आयोमी, बास गिटारवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी ऑझबर्न. सुमारे बारा तासांत त्यांनी आख्खा अल्बम वाजवून दिला. मिक्सिंगला दुसरा दिवस पुरला, आणि तोवर मंडळी पुढच्या कार्यक्रमासाठी स्वित्झर्लंडच्या वाटेला लागली होती. खर्च ६०० पौंडांच्या आसपास. चार महिन्यांनी, १३ फेब्रुवारी १९७० ला, तबकडी बाजारात आली. त्या दिवशी शुक्रवार होता आणि इंग्रजांच्या समजुतीत १३ तारखेचा शुक्रवार अशुभ. बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ', अल्बमचं नाव तेच आणि पहिल्या गाण्याचंही तेच. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण आज याच तबकडीपासून सुरुवात करतात.

या अल्बमविषयी बोलताना लोक चटकन सैतानावर जातात. काळी जादू, उलटा क्रूस, पडक्या घरासमोर उभी असलेली काळ्या कपड्यांतली बाई. त्या गोष्टींकडे आपण येऊच. पण या संगीताचं मूळ शोधायचं तर बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागातल्या कारखान्यांत जावं लागतं, असं मला ठामपणे वाटतं. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या खुणा अंगावर वागवणारी ही वस्ती. आजूबाजूला धातूकामाचे आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने. मुलगा शाळेतून सुटला की कारखान्यात लागायचा, त्यात कोणालाच नवल वाटत नसे. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं, मोटारींच्या हॉर्नचे आवाज जुळवण्याचंही केलं. घरफोडीच्या गुन्ह्यात दंड भरता आला नाही म्हणून तो काही आठवडे तुरुंगातही राहून आला. बटलर हिशेबनीस होण्याच्या वाटेवर होता. आणि आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता.

१९६५ साली आयोमी १७ वर्षांचा होता. युरोपच्या दौऱ्यावर निघालेल्या एका बँडमध्ये त्याला जागा मिळाली होती आणि नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी गेल्यावर परत जाऊच नये, असं त्याच्या मनात होतं. हाती घेतलेलं काम नीट पुरं करून ये, असं सांगून आईने त्याला परत धाडलं. त्या दिवशी प्रेस मशीन चालवणारी व्यक्ती आली नव्हती, म्हणून सवय नसताना त्याला मशीनवर उभं केलं गेलं. प्रेस हातावर आली, त्याने हात झटक्यात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं व अनामिकेचं टोक गेलं. पिंपरी-चिंचवडच्या प्रेस शॉपमध्ये ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हा अपघात समजावून सांगायला नको. आयोमी डावखुरा. म्हणजे तारा छेडायचा हात डावा आणि तारा दाबायचा उजवा. जी दोन बोटं तुटली ती नेमकी तारांवर फिरणारी होती.

गिटार सुटली असंच त्याने धरलं होतं. तेव्हा कारखान्याचा व्यवस्थापक घरी आला आणि त्याने जँगो राइनहार्टची एक तबकडी ऐकवली. जँगो हा जिप्सी जॅझचा थोर गिटारवादक. १९२८ मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली, तीत डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपभर नाव कमावलं. ते ऐकून आयोमी कामाला लागला. त्याने भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, गरम सोल्डरिंग आयर्नने तिला आकार देत बोटांवर बसतील अशी दोन अंगुस्तानं बनवली, तासून गुळगुळीत केली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, म्हणजे तार निसटू नये. ही सगळी कारागिरी कारखान्यातल्या मुलाची. पुढेही आयुष्यभर तो अशीच अंगुस्तानं घालून वाजवत आला.

अंगुस्तान घातलेल्या बोटाला तारेचा स्पर्श कळत नाही. किती दाबलं, तार कुठे आहे, हे कानानेच ओळखावं लागतं. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून त्याला पातळ तारा हव्या होत्या. त्या काळी तसा तयार संच मिळत नसे, म्हणून त्याने बॅन्जोच्या तारा गिटारवर चढवल्या. आणि चारही बोटं ठिकठिकाणी पसरून धरायचे भरगच्च कॉर्ड अवघड झाले, म्हणून शाबूत राहिलेल्या तर्जनी आणि करंगळीवर भार टाकून दोन स्वरांचे कॉर्ड तो जास्त वापरू लागला. त्यांना पॉवर कॉर्ड म्हणतात.

पॉवर कॉर्ड म्हणजे काय हे आपल्या संगीतातून फार सोपं कळतं. षड्ज आणि पंचम एकत्र वाजवायचे, बस्स. त्यात गांधार नसतो. पाश्चात्त्य कॉर्ड प्रसन्न की उदास हे गांधार ठरवतो: शुद्ध असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. तो काढून टाकला की उरतं ते सा-प, आपल्या तंबोऱ्याचं जुळणं. आता हे दोन स्वर अशा अँप्लिफायरमधून सोडा की जो क्षमतेपेक्षा जास्त आवाजावर लावलेला आहे. त्याच्या व्हॉल्व्हना मोठ्या लाटा पेलत नाहीत. लाटांचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरांत नसलेले नवे उपस्वर तयार होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. सा आणि प यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर २:३. छाटणीच्या या क्रियेत दोहोंच्या फरकाइतकी कंपनसंख्याही उमटते, म्हणजे १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. गिटारवर सा ९८ हर्ट्झचा आणि प १४७ हर्ट्झचा धरला, तर ४९ हर्ट्झचा खर्ज कोणी न वाजवताच ऐकू येऊ लागतो. हे संगीत जड वाटतं त्याचा एक मोठा भाग या न वाजवलेल्या खर्जात आहे. याच जागी गांधार घातला तर उपस्वरांची गर्दी होऊन सूर गढूळतो. म्हणून डिस्टॉर्शन जितकं जास्त तितके स्वर कमी, हा हेवी मेटलचा व्यवहारी नियम झाला.

पॉवर कॉर्ड आयोमीने शोधला नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत लिंक रे याने १९५८ मध्ये आणि इंग्लंडमध्ये किंक्स या बँडने १९६४ मध्ये तो गाजवला होता. आयोमीने त्याला संथ केलं आणि गाण्याच्या मध्यभागी बसवलं. अल्बमवर त्याची गिटार नेहमीच्याच सुरात लावलेली आहे, हे मुद्दाम नोंदवतो, कारण गिटार खाली उतरवून लावल्यामुळे हा आवाज आला असं सर्रास सांगितलं जातं. ती गोष्ट नंतरची, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या तिसऱ्या अल्बमची. तिथे काही गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वर खाली आणल्या.

बारा तासांत अल्बम होतो कसा, या प्रश्नाचं उत्तर त्याआधीच्या वर्षा-दीड वर्षात आहे. १९६८ मध्ये हे चौघे एकत्र आले. आधी सहा जणांचा वाद्यवृंद होता, त्यात एक सॅक्सोफोनवालाही होता. मग चौघे उरले आणि 'अर्थ' या नावाने ब्लूज वाजवू लागले. मध्येच आयोमी 'जेथ्रो टल' या नावाजलेल्या बँडमध्ये गेला आणि काही आठवड्यांतच परत आला. येताना मात्र एक गोष्ट शिकून आला: ती मंडळी रोज सकाळी वेळेवर जमून कामाला लागल्यासारखी सराव करतात. त्याने आपल्या तिघांनाही सकाळी नऊला सरावाला हजर राहायला लावलं. मग जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या क्लबांचे करार आले. हॅम्बुर्गच्या स्टार क्लबसारख्या ठिकाणी दिवसातून अनेकदा, प्रत्येक वेळी पाऊण-पाऊण तास वाजवायचं. गाणी पुरत नसत. मग एकेक गाणं ताणायचं, मध्ये गिटारचा लांबलचक विस्तार करायचा, ड्रम्सला मोकळं सोडायचं. वॉर्डचा कान जॅझवर पोसलेला, जीन क्रूपा आणि बडी रिच हे त्याचे आदर्श. त्यामुळे या जड संगीताच्या तळाशी एक झुलती लय आहे. पुढच्या कित्येक मेटल बँडना ती साधली नाही.

बीटल्सची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९६३ च्या फेब्रुवारीत त्यांनी पहिल्या अल्बममधली १० गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली, तीही हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्री जागवून आल्यावर. त्याच बीटल्सनी पुढे 'सार्जंट पेपर'साठी पाच महिने घेतले. १९६९ मध्ये रॉकच्या जगात स्टुडिओत महिनेमहिने घालवण्याला प्रतिष्ठा आली होती. ब्लॅक सॅबथला ती चैन परवडणारी नव्हती. अनेक कंपन्यांनी त्यांना नाकारलं होतं. निर्माता रॉजर बेन आणि ध्वनिमुद्रक टॉम अॅलम या दोघांनी शहाणपण हे केलं की रंगमंचावर जसं वाजवतात तसंच वाजवू दिलं. तिघे एकत्र वाजवत होते आणि ऑझी त्याच वेळी वेगळ्या खोलीत उभा राहून गात होता. पुन्हा वाजवायला वेळ फारसा नव्हता. काही ठिकाणी गिटारचा एकल भाग दुहेरी केला आणि पहिल्या गाण्याच्या आधी पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा जोडली, एवढीच वरची सजावट. याच अॅलमने पुढे बर्मिंगहॅमकडच्याच 'जुडास प्रीस्ट'चे अल्बम केले.

त्या दिवशी एक अडचणही आली. आयोमी तोवर फेंडर स्ट्रॅटोकास्टर वाजवत असे. पहिलंच गाणं झालं आणि तिचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग, गेला. मग राखीव म्हणून आणलेली गिब्सन एसजी त्याने उचलली आणि उरलेला अल्बम तिच्यावर केला. स्ट्रॅटचा आवाज धारदार आणि पातळ, एसजीचा जाड आणि भरलेला. एसजी पुढे त्याची कायमची ओळख झाली. एक पिकअप तेव्हा जळला नसता तर मेटलचा आवाज थोडा वेगळा असता, असं म्हणायचा मोह मला होतो.

शीर्षकगीताबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. बटलरला गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतला 'मार्स' हा भाग आवडायचा आणि तो बासवर त्याचे तुकडे वाजवत बसायचा. तेच कानात घेऊन आयोमीने एक रिफ बांधली. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, गाणं पेलून धरणारा छोटा स्वरसमूह. या रिफमध्ये स्वर तीनच: सा, तार सा आणि मग तीव्र मध्यम, त्यावर कंप देत थांबलेला. सा आणि तीव्र म यांतल्या अंतराला पाश्चात्त्य संगीतात ट्रायटोन म्हणतात. ऐकणाऱ्याला तो अस्वस्थ करतो आणि जुन्या युरोपीय संगीतशास्त्रात सैतानाशी त्याचं नाव जोडलं गेलं. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही कथा चघळली जाते; तिला आधार नाही. रचनाकार तो टाळत, कारण त्यांच्या गायनपद्धतीत तो बसत नसे.

यमन ऐकत मोठे झालेल्या आपल्या कानांना मुळात हा स्वर भीतिदायक नाहीच. संध्याकाळी कोणी तीव्र मध्यम लावला की आपण निवतो. यमनमध्ये त्याला निषाद आहे, गांधार आहे, पंचमाकडे जायची वाट आहे. ब्लॅक सॅबथच्या रिफमध्ये यांतलं काहीच नाही. षड्ज आहे आणि त्याच्यापासून नेमका अर्ध्या सप्तकावर तुटून उभा असलेला एकटा स्वर आहे. पुढे जाणं नाही, मागे येणं नाही. लयही इतकी विलंबित की पुढचा ठोका पडेपर्यंत ऐकणारा अडकून राहतो. ऑझी अगदी कमी स्वरांत, विनवणी करावी तसा गातो. शेवटी अचानक लय दुप्पट होते आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं सुटतं. सहा मिनिटांचं हे गाणं मी आजही पूर्ण लक्ष देऊन ऐकतो. इतक्या मोजक्या स्वरांवर इतकं उभं करणं याला मोठी संगीतदृष्टी लागते.

नाव आलं ते सिनेमावरून. मारियो बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६३ च्या भयपटाला इंग्रजीत 'ब्लॅक सॅबथ' म्हणत. सरावाच्या जागेसमोरच्या थिएटरात तो लागला होता आणि बाहेर रांग होती. घाबरायला लोक पैसे मोजतात तर आपण भीतीचं संगीत का करू नये, हा विचार तिथून निघाला. गूढविद्येची पुस्तकं बटलर वाचत असे. रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती दिसल्याचा अनुभव त्यानेच सांगितला आणि शीर्षकगीत त्यावर रचलं गेलं. पण ते गाणं सैतानाची आरती नव्हे, त्याला घाबरलेल्या माणसाची हाक आहे. 'एन. आय. बी.' या गाण्यात तर सैतान प्रेमात पडून सुधारतो. या नावाचा अर्थ लोकांनी काहीबाही लावला. प्रत्यक्षात ते वॉर्डच्या निबसारख्या टोकदार दाढीवरून पडलं होतं. 'द विझर्ड' मागे टॉल्किनच्या कादंबरीतला गँडाल्फ आहे. चौघांच्या गळ्यात क्रूस असत, ते ऑझीच्या वडिलांनी, जे स्वतः कारागीर होते, घडवून दिलेले.

सैतानाची सगळी जाहिरात कंपनीने केली. तबकडी काढली फिलिप्सच्या नव्या व्हर्टिगो शाखेने. मुखपृष्ठासाठी कीथ मॅकमिलन या छायाचित्रकाराने ऑक्सफर्डशायरमधली थेम्सकाठची मेपलडरहॅमची जुनी पाणचक्की निवडली आणि इन्फ्रारेड फिल्म वापरली. म्हणून झाडांचे रंग आजारी गुलाबी दिसतात आणि मधली बाई नक्की आहे की भास, असं वाटत राहतं. मुखपृष्ठ अप्रतिम आहे यात वाद नाही. आतल्या बाजूला मात्र कंपनीने उलटा क्रूस छापला. बँडला त्याची कल्पनाही दिली नव्हती. तबकडी हातात आल्यावर मंडळी अस्वस्थ झाली, कारण पुढे काय काय मागे लागणार हे त्यांना दिसत होतं. आणि तसंच झालं: एकीकडे सैतानपूजक निमंत्रणं देऊ लागले, दुसरीकडे धार्मिक संघटना विरोधाला उभ्या राहिल्या.

समीक्षकांनी तबकडी झोडपली. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्ज याने ती क्रीम या बँडची फसलेली नक्कल ठरवली. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट क्रिस्टगाऊनेही तिला मोडीत काढलं. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसरी बाजू सैल आहे. 'ईव्हिल वुमन' हे क्रो या अमेरिकी बँडचं गाणं, त्याचा या तबकडीशी सूर जुळत नाही आणि ते व्यावसायिक गरजेपोटी घेतलं होतं हे ऐकताना कळतं. 'वॉर्निंग'मधला गिटारविस्तार काही जागी भरकटतो. क्रीमशी तुलनाही निराधार नव्हती, पोरं त्याच ब्लूजवर वाढली होती. चूक झाली ती मोजमापात. त्या काळच्या समीक्षेला हवी होती बोटांची सफाई, काव्यमय शब्द आणि प्रेम-शांतीचा आशावाद. अॅस्टनच्या कारखान्यातल्या पोराला केसांत फुलं माळायला सांगणं त्याला खोटं वाटलं असतं. त्याचं जगणं ज्या आवाजात होतं तो आवाज या तबकडीत होता, आणि समीक्षकांना तिथे फक्त कच्चेपणा ऐकू आला.

विकत घेणाऱ्यांनी समीक्षकांची वाट पाहिली नाही. ब्रिटिश यादीत अल्बम आठव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत तो १ जून १९७० ला निघाला, बिलबोर्डच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि वर्षाहून जास्त काळ यादीत टिकला. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. रेडिओची साथ फारशी नव्हती. बीबीसीवर जॉन पीलसारख्या एखाद्या निवेदकाने जागा दिली, बाकी गावोगाव वाजवणं आणि एकाने दुसऱ्याला ऐकवणं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'पॅरानॉइड' हा दुसरा अल्बम आला आणि थेट ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पहिला अल्बम नसता तर तो झालाच नसता.

समीक्षेचं मत पालटायला बराच काळ जावा लागला. २०१७ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने सर्वश्रेष्ठ १०० मेटल अल्बमची यादी छापली. तीत 'पॅरानॉइड' पहिला होता आणि एकेकाळी त्याच मासिकाने नाकारलेला हा अल्बम पाचवा. बर्मिंगहॅमने तर त्यांना शहराचा अभिमान मानलं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या एका पुलाला आता बँडचं नाव आहे. ५ जुलै २०२५ ला अॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. मेटॅलिकापासून स्लेअरपर्यंत पुढच्या पिढ्यांचे बँड त्यांच्या आधी वाजवून गेले होते. २२ जुलैला ऑझी गेला, वयाच्या ७६ व्या वर्षी.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांना माझी विनंती आहे की सुरुवात शीर्षकगीतापासून करा, तीही हेडफोन लावून आणि मोठ्या आवाजात, कारण वर सांगितलेला न वाजवलेला खर्ज मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना गिटार सोडून फक्त बिल वॉर्डच्या ड्रम्सकडे कान द्या. पहिल्या संथ भागात तो दोन ठोक्यांच्या मधली जागा कशी भरतो, कुठे हात राखून ठेवतो, ते ऐका. त्यानंतर 'एन. आय. बी.' लावा. त्याची सुरुवात बटलरच्या एकट्या बासने होते. मूळचा हा गिटारवादक, या बँडसाठी बासकडे वळलेला, त्यामुळे तारा ओढून मींड घ्यायची त्याची सवय तिथे स्पष्ट ऐकू येते.